माहेरच्या नावाने उघडणारं दार

आई, आज सकाळी मी तुला हाक मारली. तोंडाने नाही मारली, बोटांनी मारली. तू म्हणशील, हे काय नवीन खूळ! खूळच आहे. सरकारी कचेरीतून निवृत्त झाल्यावर माणसं देवदर्शनाला जातात, मधुमेहाच्या गोळ्या खातात, शेजाऱ्यांच्या सुनांना नावं ठेवतात. मी संगणकाची भाषा शिकते आहे. तुझ्याच स्वयंपाकघरात, तुझ्या चुलीच्या जागी आता मेज आहे, जनेलातून तेच आंबाड्याचं झाड दिसतं, आणि मेजावर धाकट्या भावाच्या मुलीने दिलेला जुना लॅपटॉप. ही तुझी नात तू पाहिली नाहीस. तू गेलीस त्यानंतर जन्मली. कपाळ आणि रागावणं मात्र थेट तुझं. कामाला ती पणजीला असते, रविवारी इथे गावी, लाटंबार्शात येते आणि मला शिकवते. शिकवते म्हणजे काय, झापते! पायथॉनमध्ये ओळीच्या आधी मोकळी जागा नीट सोडली नाही तर सगळं अडून बसतं, आणि मी जन्मभर कचेरीत जागा वाचवून टाइप करणारी. "आते, जागा सोड गो! कागद संपत नाही हो हा!" म्हणून ती ओरडते. मग आम्ही दोघी हसत बसतो आणि चहा उतू जातो.

फ्रेमवर्क म्हणजे काय ते मला पुस्तकावरून काही केल्या कळेना. शेवटी पोरगी वैतागली आणि वर बोट दाखवून म्हणाली, चवथीला गणपतीच्या डोक्यावर टांगतो ती माटोळी बघ. लाकडी चौकट तयार असते ना? ती काय आपण दर वर्षी नव्याने बनवतो? नाही. आपण फक्त त्याला कांगलां, घागऱ्या अशी रानफळं, सुपारीचे घोस बांधतो. तसंच हे. दार, कुलूप, पानं, माहिती ठेवायची जागा, सगळी चौकट आधीच कुणीतरी करून ठेवली आहे, तू आपली फळं बांध. एवढं ऐकलं आणि डोक्यात लख्ख प्रकाश पडला. आणि मी तिला म्हटलं, मग पहिलं काम माटोळीचंच करूया.

तुला आठवत असेल, चवथीच्या आधी आपल्या वाड्यावरच्या, या वस्तीतल्या बायका रानातून हे सगळं गोळा करतात आणि म्हापशाच्या बाजारात रस्त्याकडेला भिजत बसतात. तूही बसायचीस. अजून तसंच आहे. दुपार झाली की कुणीतरी येऊन उठवतो, टोपल्या उचलून दुसरीकडे जा म्हणतो. आणि चवथ उजाडली की त्या मालाला कुत्रं विचारत नाही. कवंडळाचं फळ कितीही सुंदर असलं तरी दुसऱ्या दिवशी शेणकईत, शेणखताच्या खड्ड्यात. मी या बायकांना शब्द देऊन बसले, की या वर्षी घरबसल्या मागण्या येतील, लोक फोनवरून सांगतील आणि तुम्ही तेवढंच तोडाल. शब्द देताना छाती फुगली होती. पण मला तेव्हा एक पान धड उघडता येत नव्हतं. पान सापडत नाही, पान सापडत नाही, एवढंच यंत्र सांगायचं.

अगदी सुरुवातीला यंत्राने मलाच परवलीचा शब्द विचारला. मालकिणीचा. मी काही विचार केला नाही, तुझं माहेरचं नाव घातलं. टाइप करते आहे तर पडद्यावर काहीच उमटेना, मला वाटलं कळा बिघडल्या. पोरगी म्हणाली, ते दाखवत नाही, आते, पण त्याला पोचतंय. मग यंत्र म्हणालं, हा शब्द फार लहान आहे, तरीही ठेवू का? मी हो म्हटलं. लहानच होतं गं तुझं नाव. दोन अक्षरांचं, पोरीला शोभेलसं.

ते नाव मी एकदाच मोठ्याने ऐकलंय असं नाही, पण जिथे ऐकलं ती जागा एकच. म्हापशाचा शुक्रवारचा बाजार. ते दिवस आठव. गोवा राज्य व्हायच्या आधीचे, राजभाषा मराठी की कोंकणी म्हणून घराघरांत तोंडं फिरलेली. बाबा मराठीवाले, पडवीत बसून वर्तमानपत्र मोठ्याने वाचणारे. इब्रामपूरचा मामा कोंकणीवाला. दोघांचं एकदा असं वाजलं की मामाने आपल्या घरची पायरी चढणं सोडलं. तू चुलीपुढे बसून म्हणालीस, "दोघय भांडतत ते माझ्याच बोलीत, आणि माका कोण इचारता?" आम्ही हसलो. तू हसली नव्हतीस. मला कुठे माहीत की मामा यायचा बंद झाला म्हणजे तुझं एक नावच या घराबाहेर राहिलं. लग्नात ताटात तांदूळ पसरून बाबांनी अंगठीने नवं नाव लिहिलं, त्या दिवसापासून इथे सगळ्यांना तेच ठाऊक. जुन्या नावाने हाक मारणारा एक भाऊ, आणि तो आता फक्त बाजारात भेटायचा.

राज्य झालं त्या वर्षीच्या चवथीआधी मी तुझ्याबरोबर आहे. टोपली माझ्या डोक्यावर, तुझ्या हातात सुपारीचे घोस. बसस्टँडकडून कुणीतरी ओरडतं, तुझ्या त्या नावाने, आणि पुढे, "रव गो, खय चाललंस?" मी वळतच नाही, मला वाटतं दुसऱ्या कुणाला. तू वळतेस. आई, तशी वळताना मी तुला कधीच पाहिलं नव्हतं. एवढ्या गर्दीत, ओझं घेऊन, गरकन, परकरी पोरीसारखी. मामा टोपीने घाम पुसत उभा, हातात तुझ्यासाठी गरम उंडे पाव. तुम्ही बोललात ते भातावरच्या किडीबद्दल आणि गाभण म्हशीबद्दल. पण परतीच्या बसमध्ये तू जनेलाकडे तोंड करून गुणगुणत होतीस.

आणि मी शहाणी! घरी आल्यावर गंमत म्हणून अंगणातून तुला त्या नावाने हाक मारली, आजी पडवीत असताना. तू पळी हातात घेऊनच बाहेर आलीस. "ह्या घरात तां नाव नाय! परत तोंडात येवक नको!" इतकी कडक मला कधी बोलली नव्हतीस. मी रुसले, जेवले नाही. मग दिवेलागणीला तू मागच्या दारी माझ्याजवळ बसलीस, उंड्याचा तुकडा माझ्या हातात दिलास आणि हळूच म्हणालीस, "माका हाक मारू नको. पण इसरू नको. तुझ्या इब्रामपूरच्या आजयेन ठेवलेलां नाव तां. माझो भाव आसा तोवर तेच्याकडे आसा. मागीर तुझ्याकडे." सोन्याच्या पाटल्या वहिनीला गेल्या, तांब्याचा हंडा धाकट्याकडे. मला हे मिळालं. मामा गेला, मग तू गेलीस. माझं लग्न झालं नाही, माझ्या नावाला कुणी हात लावला नाही, म्हणून कदाचित तुझं सांभाळायला मला जागा होती. पण आता मी एकटीच उरले. माझ्यानंतर ते कुणालाच ठाऊक नसेल, आणि या विचाराने मला खरोखर धस्स होतं.

तर आपापला माल पानावर मांडता यावा म्हणून बायका पडवीत जमल्या. मी मास्तरीणबाईसारखी सांगितलं, प्रत्येकीने असा शब्द घाला जो फक्त तुम्हाला ठाऊक, दुसऱ्या कुणाच्या मनात येणार नाही, आणि जन्मात विसरणार नाही. झालं. एकेकीने फोन पदराआड घेतला, गालातल्या गालात हसली आणि घातला. संध्याकाळी मी मालकिणीचं पान उघडलं तर शब्दांच्या रांगेत सगळी नावं! बायकांचीच नावं, पण आमच्या वाड्यावर त्या नावाची एकही बाई नाही. मला वाटलं कुणीतरी परके लोक आत शिरले. मी रांग वरून पुन्हा वाचली. मग एक नाव ओळखीचं वाटलं. शेजारची म्हातारी काकी, तिच्या भावाला एकदा बसमध्ये बसून त्या नावाने तिचा निरोप घेताना ऐकलं होतं. एकदम उलगडलं. पदर तोंडाला लावून मी रडले गं. सगळ्या पोरी माझ्यासमोर उभ्या होत्या, लग्नाआधीच्या.

रविवारी तुझी नात आली आणि तिने कपाळाला हात लावला. "आते, ह्यां काय केलंस? लोकांचे परवलीचे शब्द असे उघडे ठेवतात?" चौकटीत कुलूप तयार होतं आणि मी आपलं स्वतःचं, फळकूट ठोकून केलेलं लावलं होतं. तिने समजावलं. चौकटीचं कुलूप तो शब्द ठेवतच नाही, त्याचा चुरा करून ठेवतं. चुऱ्यावरून नाव काढता येत नाही, मालकिणीलासुद्धा नाही. पण ज्या बाईचं आहे तिने नीट सांगितलं की ओळखतं आणि दार उघडतं. "आणि तू वाचलीस ना सगळी? म्हणजे ती आता गुपित राहिली नाहीत. सगळ्यांनी बदलायची. तुझाही शब्द लहान आहे, तूही बदल." चवथ तोंडावर आलेली, पोरीचं म्हणणं खरं, आणि मला बायकांसमोर जाऊन सांगायचं होतं की नाव टाकून द्या.

काकीने ऐकलं आणि टोपली खाली ठेवली. "नाव बदल म्हणतंस? एकदा बदललां मगे लग्नात. आता परत कित्याक? माका नको तुझी ती मागणी-बिगणी. मी बसान म्हापशात पावसात." तिच्यामागोमाग बाकीच्याही उठू लागल्या. सगळा माल रानात, लोकांच्या मागण्या आलेल्या. तेव्हा तुझी नात पायरीवर काकीच्या शेजारी जाऊन बसली. म्हणाली, "आज्ये, नाव टाकून नको देऊ. नाव तसंच ठेव, त्याच्यापुढे आणखी काहीतरी जोड. रानातलं एखादं फळ जोड. लांब झालं की कुणाला कळत नाही." काकीने टोपली पुन्हा जवळ ओढली. मग म्हणाली, "कांगलां चलतली?" चालतील म्हटल्यावर फोन पुन्हा पदराआड गेला. आई, त्या क्षणी मला त्या पोरीचा असा अभिमान वाटला, तुला दाखवायला हवी होती. मी चुकीचं कुलूप काढून टाकलं, नावांची रांग पुसली, आणि मागण्या एकेकीच्या फोनवर पोचू लागल्या. या चवथीला आमच्या वाड्यावरची एकही बाई म्हापशाच्या रस्त्यावर भिजली नाही, आणि शेणकईत कवंडळ पडलं नाही.

मीही बदललं. तुझ्या नावापुढे फळ नाही जोडलं. मामाची अख्खी हाक जोडली, बसस्टँडवरची, जशीच्या तशी. आता यंत्र लहान आहे म्हणत नाही. आता हे पत्र कुणाच्या हाती देण्याची सोय राहिली नाही, निम्मं कुलूप मी यात उघडून ठेवलंय. आणि टपालात टाकावं तर पाकिटावर तुझं कुठलं नाव लिहू?

एक सांगायचं राहिलं. सकाळी एकदा नाव घालून आत गेलं की दिवसभर पुरतं. मी मात्र भाताचा कुकर लावला की पानातून बाहेर पडते, नाव घालून परत आत येते. दुपारी डोळा लागून उठले की पुन्हा. तुझ्या नातीने परवा पणजीहून बघितलं आणि फोनवर विचारलं, "आते, तू सारखी सारखी लॉगिन का करतेस गो?" मी सांगितलं, नेट जातं. लाटंबार्शात नेट जातंच, तिला खरं वाटलं.