निरोपसुद्धा नाही

४ मार्च

मिळाला! संरक्षण आदेश — हातात, शिक्क्यासकट! त्याने ताईवर हात उगारायचा नाही, घराजवळ फिरकायचं नाही, लाँड्रीच्या दारात उभं राहायचं नाही, फोन नाही, आणि कुणाकरवी निरोपसुद्धा नाही. ताईने धड वाचलाही नाही. कोर्टातून थेट कामावर, इस्त्रीच्या टेबलाशी. मी बाहेर एका माणसाशी बोटींच्या गप्पा मारत बसले नि बस चुकली.

फळबागेतलं काम टाकून यायला मला सांगितलं ते ताईने नाही, तिच्या सासूबाईंनी. "पोरी, ये. माझ्याच्याने आता बघवत नाही." आज न्यायाधीशांपुढे बोलल्या त्याही त्याच. पोटच्या मुलाविरुद्ध! बाहेरून लावलेली कडी, उपटलेले केस, दंडावरचा डाग — सगळं सांगितलं. मी त्यांना मावशी म्हणते. मुलगा घराबाहेर, आणि मावशी सुनेपाशी.

५ मार्च

त्याला आता म्हणायचं काय? इतकी वर्षं दाजी-दाजी करत होते. सायकलचं पंक्चर काढायला मला त्यानेच शिकवलं. हे कुणाला सांगण्यासारखं नाही, म्हणून इथे.

८ मार्च

ताई कडी लावते, वर दाराला खुर्चीही टेकवते. मावशी म्हणाल्या, "अगं, एखादी बसायला तरी ठेव!" ताई हसली. किती दिवसांनी!

११ मार्च

मावशी त्याच्याकडे जाऊन आल्या. त्याचे लोकरीचे कपडे द्यायला म्हणे. जेवताना हळूच — "खूप रडला गं. एकदा माफ कर म्हणालाय."

ताईचा घास हातातच राहिला.

मी ओरडले, "मावशी, अहो हाच तर निरोप!"

"निरोप कसला? आई आहे मी त्याची. माझ्यापाशीही बोलू नये त्याने?"

ताई उठून भांडी घासायला लागली. घासलेलीच पुन्हा.

१२ मार्च

तिघी वकीलबाईंकडे गेलो. त्यांच्या खिडकीत कबुतरीने घरटं केलंय, दोन अंडी. मी तेच बघत होते, निम्मं ऐकलंच नाही. एवढं कळलं — "आजी, तुम्ही त्याला खुशाल भेटा. पण त्याचे शब्द हिच्यापर्यंत आणायचे नाहीत. त्याने तुमच्या तोंडून निरोप धाडला, तर आदेश मोडला. पोलीस नेतील त्याला."

"म्हणजे तो बोलेल ते मी गिळून बसायचं? मला नाही जमायचं, बाई. माझ्या तोंडात तीळ भिजत नाही."

परतताना ताई म्हणाली, "आई, तुम्ही त्याला भेटूच नका ना."

"त्याला दुसरं कोण आहे?"

"आणि मला?"

मावशी चालत राहिल्या.

१४ मार्च

मावशी गेल्या. त्याच्याकडेच, राहायला! "इथे राहिले तर एक दिवस बोलून जाईन. तुलाही घोर, तोही अडकेल." ताईने त्यांचे सगळे कपडे इस्त्री करून दिले. एकेक कपडा इतका वेळ घेऊन, जणू इस्त्री संपूच नये.

दारात ताईने विचारलं, "तुम्हाला काही केलं तर?"

"मला? अगं, जन्म दिलाय मी त्याला!"

पिशवी घेऊन मी कोपऱ्यापर्यंत गेले. पुढे येऊ दिलं नाही.

१९ मार्च

फळबागेतून बोलावणं आलंय. माझा पाय काही एका जागी ठरत नाही. पण ताई अजून तिसरं ताट घेते, मग गुपचूप मागे ठेवते. कशी जाऊ?

२३ मार्च

तो फिरकलेला नाही. फोन नाही, काही नाही. आदेश पाळतोय — अगदी शहाण्या मुलासारखा! ताई काल खिडकी उघडी ठेवून झोपली. वकीलबाई म्हणाल्या, "बघा, चाललंय ना व्यवस्थित?"

२६ मार्च

मावशी आल्या. हात गळ्यात बांधलेला, ओठ सुजलेला. आम्ही काही विचारायच्या आतच म्हणाल्या — "मी पडले गं."