उन्हापुरता आवाज

३ फेब्रुवारी

प्रिय ताईस,

स. न. वि. वि. लिहिलं की तू हसतेस, म्हणून सरळच विचारते. गुडघा कसा आहे? जिना चढतेस का, की अजून खालच्याच खोलीत मुक्काम? शेकायला आळस करू नकोस. मी बरी आहे. दाताच्या डॉक्टरांनी उरलेल्या दाढांपैकी आणखी एक काढली. आता डावीकडून चावते आणि उजवीकडून बोलते.

अवकाश केंद्रात अजून जाते. शाळेने निवृत्त केलं, पण मुलांना बोलायला शिकवण्याची खोड काही गेली नाही. केंद्राच्या मुलांच्या मंडळात मी माइकसमोर कसं उभं राहायचं ते शिकवते. आपल्या शाळेतल्या सिस्टर सांगायच्या तेच: मान वर, श्वास पोटातून, आणि शेवटचं अक्षर गिळायचं नाही. हल्ली शिकवायला मुलंच कमी. फाटकावर मोठी पाटी आहे, ‘अवकाश सगळ्यांचं, या आणि हात लावून बघा’, आणि आत शनिवारी मुलांपेक्षा खुर्च्या जास्त. संचालक हताश होतात. संचालक म्हणजे आपला भोपळाच गं, लहानपणी तुझ्या स्वयंपाकघरातली बिस्किटांची बरणी रिकामी करणारा. आता टक्कल पडलंय, सगळे त्याला सर म्हणतात. परवा पाहुण्यांसमोर माझ्या तोंडून ‘भोपळ्या, इकडे ये’ निघून गेलं. आला बिचारा.

आणखी एक बातमी म्हणजे, मुलांनी बनवलेला तो पहिला उपग्रह आठवतो ना? इतकी वर्षं गप्प होता. तो पुन्हा बोलायला लागलाय.

इकडे थंडी ओसरली. खिडकीखालचा रस्ता पुन्हा खणलाय, दिवसभर धूळ. तू विणलेला राखाडी स्वेटर कोपरांवर विरला, तरी टाकवत नाही. पत्राचं उत्तर लगेच नाही आलं तरी चालेल.

तुझी,
धाकटी


१९ फेब्रुवारी

प्रिय ताई,

तुझं कार्ड मिळालं. ‘गुडघा बरा. उपग्रहाबद्दल मला कळवू नये.’ एवढंच, आणि खाली सहीसुद्धा पूर्ण नाही. मी ते टेबलावर उभं करून ठेवलं आणि दोन-तीन दिवस त्याच्यासमोर बसून चहा प्यायले. तरी लिहितेय. रागावलीस तर रागाव. परक्या माणसाकडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळलेलं बरं.

आधी तो बोलतो कसा ते सांगते. मला समजलं तसं. त्याची बॅटरी फार पूर्वी बिघडली आणि तिने सगळंच अडवून धरलं. आता ती इतकी निकामी झालीय की अडवायचीही ताकद तिच्यात उरली नाही. त्यामुळे ऊन पडलं की उपग्रह जागा होतो, आणि पृथ्वीच्या सावलीत शिरला की विझतो. भोपळा म्हणाला, “मावशी, त्याला काहीच आठवत नाही. सावलीतून बाहेर आला की प्रत्येक वेळी त्याला वाटतं, आपल्याला आत्ताच सोडलंय.” तो हे हसून सांगत होता. मग माझ्याकडे बघून हसायचा थांबला.

जागा झाला की तो मुलांचं ध्वनिमुद्रण पुन्हा पुन्हा लावतो. तेव्हा आम्ही पाच मुलांचे आवाज भरले होते. चार जणांची नुसती खरखर झालीय. पहिला तेवढा शिल्लक आहे.

पहिला कुणाचा होता, ते तुला ठाऊक आहे.

ताई, अगदी तसाच आवाज आहे गं. तीच आपली पिपाणी. ‘ऐका, ऐका! आम्ही शाळेतली मुलं बोलतोय. हा उपग्रह आम्ही आमच्या हातांनी बनवलाय. तुम्हाला ऐकू येतंय का?’ मी इतकं घोटून घेऊनही ‘ऐकू’वर आवाज फाटायचा, तो तिथेही फाटतो. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी केंद्राच्या गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीला टेकून उभी राहिले. दुपारची वेळ, लख्ख ऊन, खाली रस्त्यावर हॉर्न वाजताहेत, आणि वरून आपली पोर विचारतेय, ऐकू येतंय का.

आता हे लपून राहण्यातलं नाही. हातात मावेल एवढा रेडिओ आणि काठीला बांधलेला अँटेना असला की कुणालाही ऐकू येतं. कुठल्या कुठल्या देशांतून लोक कळवतात, एका लहान मुलीचा आवाज ऐकला, ती कोण? आणि मंडळात मुलं लोटलीत. खुर्च्या पुरत नाहीत. पोरं स्वतः अँटेना बांधतात, एकमेकांची बोटं कापतात, भांडतात. तिला त्यांनी नाव ठेवलंय भूतबाई. मी रागावले तर त्यांच्यातली एक, जिला मी चौकशी म्हणते कारण ती दुसरं काही करतच नाही, मला म्हणाली, “अहो बाई, आम्ही प्रेमाने म्हणतो. आमची भूतबाई आहे ती. पण ती खरी कोण होती?” मी म्हटलं, “एक मुलगी.” ती म्हणाली, “ते आम्हालाही ऐकू येतं.”

पुढच्या महिन्यात केंद्राचा खुला दिवस आहे. सगळ्या शाळा येणार, आईबाप येणार. भोपळ्याला तो आवाज मोठ्या कर्ण्यावर लावायचाय. म्हणतो, “आपल्याएवढ्या मुलांनी हे केलं होतं हे पोरांना कळू दे. त्या आवाजाने जेवढी मुलं आत आली तेवढी माझ्या भाषणांनी जन्मात येणार नाहीत.” पण तोच पुढे म्हणाला, “ताईंना विचारल्याशिवाय नाही.” म्हणून विचारतेय. तू नाही म्हणालीस तर नाही.

इथे पत्र संपवायचं असं ठरवून बसले होते. पाकीटही चिकटवलं होतं. ते फाडून पुढचं लिहितेय.

तिच्या बोलण्याला शेवटी एक शेपूट आहे. ध्वनिमुद्रण संपलं असं वाटून ती माइकपासून उठली आणि दाराकडे जाता जाता बोलली. खोलीत मी होते. कापून टाकायला हवं होतं, पण तिच्या विज्ञानाच्या सरांनी ठेवलं. म्हणाले, “निघताना ‘जाते’ म्हणू नये, ‘येते’ म्हणावं, हे आता उपग्रहालाही शिकवलं पोरीने. राहू दे.” तेव्हा तू परगावी होतीस, आणि नंतर ऐकायची वेळच आली नाही.

ती म्हणते, ‘येते हं, मावशी.’

लिहून टाकलं एकदाचं. ज्या दिवशी ती गेली त्या दिवशी तू गच्चीवर कपडे वाळत घालत होतीस आणि तुला नुसतं फाटक वाजलेलं ऐकू आलं, हे तू मला एकदाच सांगितलंस. पुन्हा कधी बोलली नाहीस. केंद्राकडे येताना वळणावर सायकल घसरली, त्याबद्दलही तू मला वाकडा शब्द बोलली नाहीस. फक्त हे गाव सोडलंस आणि पुन्हा इथे पाऊल टाकलं नाहीस. तिने तुला न सांगता जावं, आणि मला सांगितलेलं आभाळात फिरत राहावं, हे तू कसं ऐकशील, ताई? दाढ काढली त्या हिरडीकडे जीभ जाते, तशी मी पुन्हा पुन्हा तिथेच येतेय.

विचार करून सांग.

तुझी,
धाकटी


१४ मार्च

प्रिय ताई,

नीट पोहोचलीस ना? गाडीत बसायला जागा मिळाली का? सोबत दिलेलं खाल्लंस की शेजारच्या बाईला वाटून टाकलंस? तू गेल्यापासून घरात कुणी पंखा बंद करत फिरत नाहीये, त्यामुळे चुकल्यासारखं होतंय.

तू इथे असताना ज्या गोष्टी बोलता आल्या नाहीत, त्या लिहिते.

पत्र मिळाल्यावर तू फोन करून फक्त म्हणालीस, “बंद करा ते.” मी भोपळ्याला सांगितलं. तो म्हणाला, “करता येतं मावशी, पण टिकत नाही. आपण इथून आज्ञा पाठवली की ती गप्प होईल. सावलीत जाऊन आली की पुन्हा पहिल्यापासून सुरू.” म्हणजे आपल्या गावावरून जाईल तेव्हा दर वेळी कुणीतरी बसून तिला गप्प करायला हवं. कोण बसणार? मुलं म्हणाली, आम्ही बसतो. चौकशीने विचारलंच, “तिने काय केलंय? गप्प का करायचं?” मी म्हटलं, “तिच्या आईने सांगितलंय.” त्यावर एकानेही वाद घातला नाही. आईने सांगितलंय हे त्यांना पुरलं. मुलं शाळेतून दप्तरासकट धावत यायची, एकजण अँटेना धरायचा, दुसरा कळ दाबायचा. ‘ऐका, ऐ’ एवढ्यावर ती तुटायची. मग पोरं खाली मान घालून घरी जायची. मला ते बघवेना. पण तुला कळवलं नाही, कारण मग ते गळ घातल्यासारखं झालं असतं.

आणि तू अशी न कळवता दारात. हातात पिशवी, गुडघ्याला पट्टा. “चहा नको. कुठे ऐकू येतं ते दाखव.” केंद्राच्या गच्चीचा जिना तू कठड्याला धरून, एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत चढलीस. मी मागून हात पुढे करून चालत होते, पडलीस तर धरायला.

मुलांना तू कोण ते सांगितलं नव्हतं, पण त्यांना कळलं. अँटेना तुझ्या हातात देताना चौकशी तेवढी बोलली. “आजी, झाडू धरतात तसा नका धरू. बोट दाखवतो तसा. ती तिकडून येईल.” तू म्हणालीस, “मला नको शिकवू, मी तिला चालायला शिकवलंय.” पोरगी एरवी कुणाचं ऐकत नाही. एक पाऊल मागे सरली.

मग ती आली. आधी खरखर, मग ‘ऐका, ऐका!’ कळ दाबायला बसलेल्या पोराने तुझ्याकडे पाहिलं. तू मान हलवलीस, नको. ती सगळं बोलली. ‘ऐकू येतंय का’ला अँटेना कलला आणि आवाज जरा गेला, तर तू तो पुन्हा सरळ धरलास. आणि मग ते शेपूट आलं. मी जमिनीकडे बघत होते. लहानपणी काच फोडल्यावर तुझ्यासमोर उभी राहायचे तशी.

तू म्हणालीस, “किती घाई बघ हिला.”

पलीकडच्या इमारतीत कुणीतरी गादी झोडपत होतं. आणि मग तू म्हणालीस, “अगं, ‘येते’ म्हणतेय म्हणजे तुझ्याकडून निघालीय ती. निघून जाणार कुठे? घरीच ना?”

ताई, एक गोष्ट तुला सांगायची राहिली. आता लिहिते. इतकी वर्षं ते दोन शब्द मी माझे म्हणून जपले. मला मूल नाही. तुझ्या पोरीने सगळ्या जगातून मला निवडून निरोप घेतला, असं मी मनाशी धरून बसले होते. तुझ्यापासून चोरून धरल्यासारखी. ज्याला ‘येते’ म्हणतात त्याच्यापासून माणूस निघालेलं असतं, हे भाषा शिकवण्यात जन्म गेलेल्या मला एकदाही सुचलं नाही. तुला ऐकताक्षणी कळलं. वाईट वाटलं का म्हणून विचारशील, तर वाटलं. दोन रात्री वाटलं. पण ते वाक्य तुझंच आहे. घेऊन जा.

एका गोष्टीची मात्र भीती वाटते. ऊन पडलं की ती निघते. दिवसातून कितीदा तरी. प्रत्येक वेळी पहिल्यांदाच निघाल्यासारखी, त्याच घाईत. वळणाचं तिला काही माहीत नाही. गच्चीवर कपडे काढायला गेले तरी आता माझं वर लक्ष जातं आणि मी मनात म्हणते, सावकाश गं.

तू जिना उतरताना मुलांना म्हणालीस, “ऐकवा तिला सगळ्यांना. आणि भूतबाई म्हणायचं असेल तर म्हणा, पण पाठीमागे तिचं हसं करू नका.” त्या दिवसापासून एकाही पोराने ते नाव उच्चारलेलं नाही. ती आता ‘ताई’ झालीय. तिच्यापेक्षा मोठी असलेली मुलंही ताईच म्हणतात. पोरं स्वतःचा नवा उपग्रह बनवायला बसलीत, आणि कुणाचा आवाज पहिला भरायचा यावरून रोज रुसवेफुगवे चाललेत.

पुढच्या शनिवारी खुला दिवस. अंगणात मांडायला खुर्च्या गोळा झाल्या. दुपारी ती आमच्यावरून जाईल. चौकशीने तुझ्या पिशवीत घातलेला रेडिओ आणि अँटेना घेऊन खिडकीशी बस. वर चढू नकोस, गुडघा सांभाळ. तुझं गाव तिच्या वाटेवर आमच्या पुढे आहे. भोपळा म्हणतो, आमच्याकडे ती क्षितिजाखाली गेली आणि नुसती खरखर उरली, तरी तुझ्याकडे अजून थोडा वेळ ऐकू येते.

तेवढ्या वेळात ती काय बोलते ते मला इथून कळायचं नाही. तू ऐक, आणि मला सांगूही नकोस.

तिला निरोप देऊन दारातच उभी,
धाकटी