मोगऱ्याखालची तार

वैशाख वद्य चतुर्थी, शके १८२८. जुन्नर.

कालपासून तारयंत्र मुकं. लांबून आलेला दुबळा प्रवाह ओळखून शेजारची बॅटरी चालू करतं ते रिले मी खोललं, पुसलं, स्क्रू पिळले. काही उपयोग नाही. कागदवाले करीमभाई सकाळपासून पायरीवर बसून. त्यांची लेक मुंबईला बाळंतपणात अडलेली. "मास्तर, काय कळलं का वो?" दर वेळी मी पुन्हा यंत्राकडे वळायचो.

संध्याकाळी चिडून मागच्या अंगाला गेलो, तर खिडकीखालचा मोगरा वाळलेला. यंत्राची जमिनीत पुरलेली तार त्याच्याच मुळाशी आहे; प्रवाह ओल्या मातीतूनच परत जातो, आणि इथली माती दगडासारखी कोरडी! बायको रोज तिथं पाणी ओतायची. ऑफिसची भिंत ओली होते म्हणून मीच तिच्यावर ओरडलो, आणि ती रागानं राजुरीला माहेरी गेली.

मोगऱ्याला घागर ओतली. थोड्या वेळानं रिले टकटकू लागलं. करीमभाईंना नात झाली, लेक सुखरूप. म्हातारा रडत म्हणाला, "लई उपकार झाले, मास्तर." माझे कसले उपकार?

हे हिला सांगायलाच हवं. पण राजुरीला तार जात नाही. जगाचे निरोप मी इथं बसून पोचवतो. हा मात्र उद्या पायी न्यावा लागणार.