अपूर्वाच्या हातची बिअर

९ एप्रिल २०२१, शुक्रवार

अपूर्वा आली पुण्याहून लातूरला. ती काम करते तो बिअरचा कारखाना कोरोनामुळं बंद, म्हणून घरी. बॅगेत कपडे कमी, बाटल्याच जास्त. शेजारच्या सरजाबाईंनी गेटातूनच विचारलं, "डॉक्टरीणबाई आल्या का?" मी "हाव, आल्या" म्हणून मोकळी. पोरीनं एमबीबीएस सोडून दोन वर्षं झाली, अजून माझ्या तोंडून निघत नाही. कसं निघेल? कोचिंगमध्ये बायोलॉजी शिकवते मी. दुसऱ्यांची पोरं डॉक्टर करायची आणि घरचीनं हे करायचं.

११ एप्रिल, रविवार

नको ते बोलून बसले.

संध्याकाळी तिनं सुशीला केली, सोबत तळलेल्या मिरच्या. मुरमुरे भिजवण्यापासून सगळं तिनंच. मग बाटली उघडली. "आयपीए आहे आई, जरा कडू बिअर असते. माझ्या हातची पहिली. आधी वास घे — कैरी येते, मोसंबीची साल येते. मग घोट, मग मिरची." मालकानं हिला म्हणे नाकावरच ठेवलंय. प्रत्येक टाकी आधी ही हुंगणार, चाखणार, मगच माल बाटलीत.

जन्मात दारूला शिवले नव्हते. पण तिचं तोंड बघून नाही म्हणवेना. एकाच ग्लासातून दोघींनी घेतली. वास घेतला — काही नाही. घोट घेतला — थंड कडसर पाणी. सुशीलासुद्धा बेचव.

मग सुटलेच मी. "याला ना वास ना चव. यासाठी डॉक्टरकी सोडलीस? भूकंपानंतर पत्र्याच्या शेडमध्ये कंदिलावर शिकले मी. तुला काय कमी होतं?"

"मला तर यायलाय वास," एवढंच म्हणाली. ताटं उचलून आत गेली.

१२ एप्रिल

वरणाला फोडणी दिली. हिंगाचा वास नाही. लसूण ठेचून नाकाशी धरला, अगरबत्ती धरली — काहीच नाही.

म्हणजे बिअर चांगली होती.

१३ एप्रिल, पाडवा

माझी टेस्ट पॉझिटिव्ह, तिची निगेटिव्ह. हे नांदेडला बँकेत अडकलेत, फोनवर नुसते "काळजी घे, काळजी घे". अपूर्वाला म्हटलं, वरच्या खोलीत राहा, माझ्याजवळ येऊ नको. म्हणाली, "मग तुला पाणी कोण देईल?"

१८ एप्रिल

ऑक्सिजन ९१. लातुरात कुठंच बेड नाही. हिनं मला पालथं झोपवलं, पाठ चोळली, चमच्यानं पेज भरवली. घामानं मास्क भिजला तर काढूनच टाकला. ओरडले मी — ओरडण्याइतका दम तरी कुठं होता. भीती वाटते. माझी नाही, तिची.

२६ एप्रिल

९६. ताप नाही. चार घास बसून खाल्ले.

आज माफी मागितली. म्हटलं, चुकले गं, नाक माझं गेलं होतं आणि नावं तुझ्या बिअरला ठेवली. एक बाटली राखून ठेव, वास आला की परत घेऊ. हसली. पण मान वळवून भांडी आवरत बसली. राग गेला नसंल अजून. जाईल हळूहळू.

सरजाबाई गेटाबाहेरून म्हणाल्या, "घरात डॉक्टर होती म्हणून वाचलात, मॅडम." खिडकीतूनच सांगितलं — डॉक्टर नाही ती. बिअर बनवते पुण्यात. बाई तशाच घराकडं वळल्या. मला मात्र लई हलकं वाटलं. दोन वर्षं उगीच जीव जाळला.

३ मे

वास आला! अंथरुणात पडल्या पडल्या आला — दूध करपल्याचा. इतका घाण वास आणि मला रडू फुटलं. भिंतीला धरत धरत स्वयंपाकघरात गेले, अपूर्वाला सांगायला.

ती पातेल्यावरच वाकून उभी होती, दूध ढवळत. म्हणाली, "कसला वास?"