वंशावळीबाहेरची भुआ

पुणे, ४ जानेवारी २०२५

ती. रूपकंवर भुआस, प्रियलचा सा. न. वि. वि. आणि जय जिनेंद्र.

मोलगीत थंडी कडाक्याची असेल. माझं काम काय, असं विचारलं होतंत. हजारो घराण्यांतले आजार आणि रक्तातली जनुकं ताडून, पुढे कुणाला कर्करोगाचा धोका किती, याचा अंदाज आम्ही बांधतो. परवा माझाच बांधला. पप्पांनी नवापूरहून फोनवर वंशावळ सांगितली. आजोबा, चारही काका, सगळे ठणठणीत! धोका अगदी कमी आला. आता पेढे पाठवा.

माया असू द्यावी.
तुमची प्रियल

मोलगी, १३ जानेवारी

चि. प्रियलला अनेक आशीर्वाद.

अगं शहाणे, पेढे कसले! भाऊ सगळे आले, बहिणी, म्हणजे तुझ्या आत्या, कुठे गेल्या? पुखराजवर, तुझ्या पप्पांवर, रागावू नकोस. आपल्यात लेक दिली की ती सासरच्या वंशावळीत. तो खोटं बोलला नाही, आम्ही त्याला आठवलोच नाही. तुझ्या जन्माआधी थोरल्या दोघी छातीच्या गाठीनं गेल्या. चाळिशीसुद्धा गाठली नाही गं. माझी गाठ सुरतेला काढली. मुलींची लग्नं व्हायची होती, म्हणून सासरी कुणी वाच्यता केली नाही. माहेरी कळवलं असतं तर कुणी आलं असतं का, कोण जाणे. राखी दरवर्षी टपालानंच जाते. नवापूरच्या ओट्यावर एकदा बसावंसं फार वाटतं.

तब्येत दाखवून घे, हयगय नको.
तुझी भुआ

पुणे, २४ जानेवारी

ती. भुआस सा. न.

पत्र तुम्हांला लिहीत होते आणि हिशेबात तुम्हांलाच विसरले. तुम्ही तिघी धरल्यावर आकडा एकदम वर गेला. जनुकातला असा दोष बापाकडूनही लेकीत उतरतो. तो आपल्या घरात आहे का हे बघायला, ज्याला आजार झाला त्याचं रक्त आधी तपासतात. तशा आता तुम्ही एकट्याच. पप्पांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "तिला आणायला मीच जातो." दोन तारखेला, रविवारी येतील. मला भीती वाटतेय, भुआ. नाही म्हणू नका.

तुमचीच प्रियल

नवापूर, ३ फेब्रुवारी

चि. प्रियलला आशीर्वाद.

ओट्यावर बसून लिहितेय. वाटेत पुखराजनं अक्कलकुव्याला गाडी थांबवून मला चहा स्वतः आणून दिला. सकाळी रक्त दिलं, ते पुण्याला निघालंही. तुझी आई म्हणत होती, प्रियलचं नाक आणि हट्ट दोन्ही भुआचे. एरवी मी हरखले असते. माहेरी माझं काहीतरी उरावं, असं जन्मभर वाटत आलं. आज मंदिरात हात जोडले आणि उलटंच मागितलं, तुझ्यात माझं काही नसू दे.

तुझ्यावर जीव असलेली,
रूपकंवर भुआ