एकाच आजीची गोष्ट

रेजायना, शनिवार

प्रिय आई,

मी मजेत आहे. तू विणलेले हातमोजे रोज घालते, तेव्हा ओरडू नकोस. गुडघा काय म्हणतोय?

मुलांनी इंटरनेटवरून निबंध उचलू नयेत म्हणून यंदा मी एक युक्ती केली. घरातल्या म्हाताऱ्या माणसाकडून गोष्ट ऐकायची आणि त्याच्याच शब्दांत लिहून आणायची. तर चोरी पकडणाऱ्या संगणकानं वर्गातल्या टारस आणि ओक्सानाचे निबंध जवळजवळ सारखे दाखवले! दोघांचं कॉलेजातून नाव कमी व्हायची वेळ आली. डीन म्हणाले, "घ्या बाई, तुमची युक्ती!"

मी दोघांना झापलं, तर टारस म्हणतो, "बाई, आम्ही आतेमामे भावंडं. आजी एकच, मग गोष्टी दोन कुठून आणू?"

डीनसमोरच आजीला फोन लावला. "पुन्हा तेच? बरं, ऐका," म्हणत तिनं हिमवादळात गाय स्वयंपाकघरात कशी आणून बांधली ते सांगितलं. डीन निबंधावर बोट फिरवत ऐकत होते. बोट एकदाही अडलं नाही. शेवटी डीनच विचारतात, "मग गाईनं दूध दिलं का हो, आजी?"

पोरं सुटली.

गेल्या रविवारी फोनवर बाबांच्या होडीची गोष्ट सांगताना तू धुक्यातल्या कंदिलापाशी थांबलीस. पुढचं आठवेना. दादा डॉक्टरकडे चल म्हणाला, तर हट्ट न करता जा. गोष्टीची काळजी करू नकोस. ती मी तुझ्याकडून शब्दन्‌शब्द उचललेली आहे.

तुझीच,
वर्ना