पेनहेलच्या मेंढ्या

विरंगा, न्यू साउथ वेल्स
९ जानेवारी १८६६
शेजारच्या पेनहेलच्या मेंढ्या कुंपणाला अंग घासतायत, असं माझा मेंढपाळ मर्डो म्हणाला. जाऊन लोकर बाजूला करून पाहिली. खरूज! अठराशे मेंढ्या!

पेनहेल म्हणाला, "यूअन, पंधरा दिवस दे रे. तंबाखूच्या पाण्यात बुडवतो एकेक."

मी म्हटलं, "कायदा म्हणजे कायदा. खरूज लागलेला कळप मारून जाळायचा. गावाचा अध्यक्ष आधी, शेजारी नंतर." त्याच्या बायकोनं शिव्या घातल्या.

१२ जानेवारी
दोन दिवस कापाकापी. हुकूम देऊन घरी बसणाऱ्यातला मी नाही – सुरी मीही चालवली. पेनहेल शेवटपर्यंत उभा होता. सगळीकडे जळक्या लोकरीची घाण.

१३ जानेवारी
ताटातलं मटण परत पाठवलं.

२० जानेवारी
माझा थोरला मेंढा खाजवतोय. नोव्हेंबरात पेनहेलला माद्यांसाठी उसना दिला होता तोच. मर्डोला धरलं.

"अहो, तेव्हाही खाजवत होताच. तंबाखूचं पाणी लावून पाठवला. दरसाल लावतोच की! शेजाऱ्याकडे जाताना मेंढा नीटनेटका नको?"

म्हणजे खरूज आमची! तंबाखूच्या पाण्यानं दोन महिने दबली, एवढंच. आता माझ्या नऊ हजारांत पसरली असणार. मेंढ्याच्या अंगावरच्या खपल्या मी स्वतः पाहिल्या. मर्डोला तंबी दिली – ब्र काढायचा नाही.

२१ जानेवारी
खरूज माझ्याच कळपातली, असं मेंढ्यांच्या सरकारी तपासनिसाला पत्र लिहिलं. फाडलं.

२२ जानेवारी
गावात माझा सत्कार. "कीनेर्डसाहेबांनी तालुका वाचवला!" टाळ्या. मेल्याहून मेल्यासारखं झालं. घरी येऊन पुन्हा पत्र लिहिलं. तेही चुलीत.

भेकड आहे मी. इथे तरी लिहितो.

२५ जानेवारी
माझ्या बायकोनं, इसोबेलनं, मला न विचारता पेनहेलला मेंढपाळ म्हणून ठेवलं! "चार लेकरं आहेत त्याला. पोटावर पाय तुम्हीच दिलात ना? मग गप्प बसा."

बसलो. उद्या तो कळपात जाणार. त्याच्या नजरेतून सुटायचं नाही. कळू दे एकदाचं! माझ्या तोंडून निघत नाही, त्याच्या तरी निघेल.

२६ जानेवारी
पेनहेलनं पहिला तोच मेंढा धरला. उलटा केला, लोकर फाकवली. खपल्यांवरून अंगठा फिरवला. मग टोपी काढून म्हणाला, "साफ आहे, साहेब."

मी म्हटलं, "बरं."